एकाच मॉडेलच्या दोन मसल कार, मग किमतीत जमीन-अस्मानाचा फरक का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या आत्तेभावाला 1970 ची शेव्हरोले शेवेल एसएस ही मसल कार (म्हणजे मोठं, ताकदवान इंजिन घातलेली त्या काळची अमेरिकी गाडी), तीही सर्वात दमदार एलएस-6 इंजिनवाली, 70 हजार डॉलरला सांगितली आहे. हुबेहूब तशीच दुसरी गाडी दीड लाखाच्या पुढे आहे. आणि तिकडे लिलावात एक प्लिमथ हेमी कुडा (प्लिमथ ही क्रायस्लरची गाडी, हेमी हे तिचं ताकदवान इंजिन) 35 लाख डॉलरला गेल्याची बातमी तुम्ही वाचलीत. पत्रा तोच, काळ तोच, मग फरक कशाचा?

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. नोकरी गाड्यांच्याच धंद्यातली, आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या एका रिस्टोरेशन गॅरेजात लुडबुड करायला जातो. तिथे चहा-कॉफीबरोबर हाच विषय चघळला जातो, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतोय.

आधी शेवेलबद्दल, कारण पैसे तिच्यात अडकणार आहेत. 70 हजारांची ती गाडी बहुधा जन्माने मालिबू, म्हणजे शेवेलचाच नेहमीचा प्रकार, असेल. 1970 साली एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, मालिबूवर घ्यायचं पॅकेज होतं. त्यामुळे साधी व्ही-8 मालिबू कूपे आणि 450 हॉर्सपॉवरची एलएस-6, दोन्हींच्या चासी नंबरची सुरुवात एकच, 13637. नंबरावरून इंजिन व्ही-8 आहे एवढंच कळतं, कोणतं व्ही-8 ते नाही. बॉनेट, पट्टे, बिल्ले, मागचा मजबूत अ‍ॅक्सल, सगळं बाजारात नवं मिळतं. कुठलंही 454 चं (हा इंजिनाचा घनइंचातला आकार) इंजिन आणून बसवलं की झाली एलएस-6. याला इकडे क्लोन म्हणतात. क्लोन म्हणून सांगून विकली तर त्यात फसवणूक काहीच नाही, चालवायला मजाही तीच येते. फक्त तिला खऱ्या गाडीचा भाव मिळत नाही.

मग खरी कशी ओळखायची? आपल्याकडे जमीन घेताना आधी सातबारा बघतात, तसं इथे कागद बघतात. शेवेलच्या बाबतीत म्हणजे बिल्ड शीट. गाडीत काय काय बसवायचं ते लिहिलेला, असेंब्ली लाइनवर गाडीबरोबर फिरणारा हा कागद बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीवर, नाहीतर सीटखाली सापडतो, तोही उंदरांनी कुरतडलेला. दुसरा पुरावा म्हणजे वॉरंटीच्या पुस्तिकेतली ती छोटी धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट. तिच्यावर इंजिनाचा कोड उठवलेला असतो. तिसरा पुरावा खुद्द इंजिनावर.

हा तिसरा जरा जवळून बघण्यासारखा आहे. बॉनेट उघडून इंजिनाच्या पुढच्या बाजूला, (गाडीत बसल्यावर) उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे बघायचं. तिथे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते. ग्रीस पुसून तिरपा टॉर्च मारला की तिच्यावर ठोकलेली अक्षरं दिसतात. एलएस-6 आणि मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर सीआरव्ही, ऑटोमॅटिक असेल तर सीआरआर. जोडीला चासी नंबरचा शेवटचा भाग. पण जाणकार अक्षरांपेक्षा त्यांच्यामागची जमीन आधी बघतो. कारखान्यात ती पट्टी मशीनवर सपाट करताना समांतर, केसासारख्या बारीक रेघा उमटत. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला की त्या रेघा जातात. नंबर अगदी बरोबर आहे पण रेघाच नाहीत, अशा पट्टीसमोर माणसं अर्धा अर्धा तास कुजबुजत उभी असतात. खात्री नसेल तर हजारो डॉलर तिथल्या तिथे कमी होतात. अर्थात कधीतरी इंजिनाचं रीतसर काम करतानाही पट्टी घासली जाते. तेव्हा मालक प्रामाणिक असूनही नुकसान सोसतो.

कंपनीचं जुनं दप्तर टिकलं की नाही यावरही बरंच ठरतं. पाँटिअ‍ॅकचं टिकलं. त्यामुळे जीटीओ ही पाँटिअ‍ॅकची मसल कार घेणारा पीएचएस नावाच्या संस्थेकडून गाडीची मूळ नोंद मागवतो, आणि बनावट जीटीओ तिथेच उघडी पडते. फोर्डच्या 1967 पासूनच्या नोंदी मार्टी रिपोर्टमधून मिळतात. अमेरिकेतल्या शेव्हरोलेसाठी असं काही नाही, म्हणूनच शेवेलच्या बाजारात एवढा संशय.

क्रायस्लरने मात्र नकळत मोठे उपकार केले. चासी नंबरातच इंजिन लिहिलं. 1971 च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलचा नंबर सुरू होतो बीएस27आर1बी असा. 27 म्हणजे उघड्या टपाची, आर म्हणजे 426 हेमी, 1 म्हणजे 1971, शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमक कारखाना, जो इथेच डेट्रॉइटला लागून होता. त्या एका 'आर'ची किंमत ऐकाल तर चक्रावाल. म्हणून तिथे लबाडीचा प्रकारही वेगळा: सडून गेलेल्या अस्सल गाडीची चासी नंबरची पट्टी काढून धडधाकट सांगाड्यावर बसवायची. अमेरिकी कायद्याने हा गुन्हा आहे, तरी होतो.

आता ती 35 लाखांची गाडी. जून 2014 मध्ये सिअ‍ॅटलला मेकमच्या लिलावात विकली गेली ती 1971 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल, चार गिअरची मॅन्युअल. 1970 साली अशा कन्व्हर्टिबल 14 बनल्या, 1971 मध्ये जेमतेम डझनभर, आणि त्यातही मॅन्युअल हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एवढ्या कमी का? कंपनीने मुद्दाम कमी काढल्या असं नाही. कुणी घेतच नव्हतं! हेमी इंजिनाचे साधारण 870 डॉलर जास्तीचे, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीच्या जवळपास पाव हिस्सा. त्यात विमा कंपन्यांनी जास्त ताकदीच्या गाड्यांचे, विशेषतः तरुण पोरांचे, हप्ते भरमसाट वाढवले. ज्याला शर्यत लावायची तो हलकी, बंद टपाची गाडी घेई. ज्याला टप उघडून हिंडायचं त्याला हेमीचा खर्च नको. दोन्ही एकत्र मागणारा विरळाच. 1971 नंतर हेमी बंद, कन्व्हर्टिबलही बंद.

आज ज्या गाड्यांवर लोक जीव टाकतात त्यातल्या कितीतरी तेव्हा शोरूममध्ये धूळ खात होत्या. शेव्हरोलेचीच 1969 ची झेडएल-1 कमॅरो घ्या. इलिनॉयमधल्या फ्रेड गिब या डीलरच्या हट्टापायी पुरं अ‍ॅल्युमिनियमचं 427 इंजिन तिच्यात आलं. एकूण 69 गाड्या बनल्या, त्यातल्या 50 त्याच्याच ऑर्डरच्या. नुसत्या इंजिनाचे 4,160 डॉलर, अख्खी गाडी 7,200 च्या आसपास. खेडेगावातल्या डीलरला त्या खपेनात, शेवटी बऱ्याच गाड्या कंपनीने परत घेऊन इतरांना वाटल्या. काहींचं ते इंजिन काढून साधं बसवून विकायची पाळी आली. 1970 च्या प्लिमथ सुपरबर्डचीही तीच गत. नॅस्कार या मोटर शर्यतींच्या संस्थेच्या नियमासाठी सुमारे 1,900 गाड्या काढाव्या लागल्या, पण ते लांब नाक आणि मागचा उंच पंख लोकांना पचेना. काही डीलरांनी दोन्ही काढून त्यांची रोड रनर, म्हणजे ती जिच्यावरून बनली ती प्लिमथची साधी गाडी, केली. आज तोच पंख शाबूत आहे का ते आधी बघतात.

पण दुर्मीळ म्हणजे महाग, हे समीकरण लगेच मांडू नका. एएमसी या छोट्या अमेरिकी कंपनीची 1969 ची एससी रॅम्बलर फक्त 1,512 बनली, म्हणजे सुपरबर्डपेक्षाही कमी. एलएस-6 शेवेल तिच्या तिप्पट निघाल्या. तरी भावात शेवेल कितीतरी पुढे. कारण सोपं आहे. 1970 मध्ये सतरा वर्षांच्या ज्या पोराने भिंतीवर फोटो लावला, तो शेवेलचा किंवा कुडाचा होता, रॅम्बलरचा नव्हता. पुढे तोच पोरगा पैसेवाला झाला आणि हौसेला मोल नसतं. विक्रेते हमखास 'अशी जगात एकच' म्हणतात. हिरवा रंग, पांढरी सीट, घड्याळ नाही, रेडिओ आहे, असं जुळवत गेलं तर प्रत्येक गाडी जगात एकच निघेल. तिकडे दुर्लक्ष करा.

मागणी माणसांची, म्हणून ती वरखालीही होते. 2006 मध्ये हेमी कुडा कन्व्हर्टिबलने 20 लाखांचा टप्पा ओलांडला, मग 2008 च्या मंदीत या सगळ्याच बाजाराची हवा गेली, 2014 मध्ये 35 लाख. 2021 मध्ये इंडियानापोलिसला एका कुडाला 48 लाखांपर्यंत बोली लागली आणि मालकाने गाडी विकली नाही. अशा आकड्यांवरून आपल्या गाडीचा भाव काढू नये. भर लिलावात दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की आकडा कुठेही जातो. माझं मत विचाराल तर अगदी वरच्या, कागद पक्के असलेल्या गाड्या टिकतील. मधल्या फळीचं मला खात्रीने वाटत नाही, कारण आजच्या चाळिशीतल्या माणसाच्या भिंतीवर जपानी गाड्या होत्या.

रंगरंगोटीबद्दल लोकांचा सर्वात जास्त गैरसमज असतो. चकाचक रिस्टोर केलेली गाडी जास्त महाग असं नाही. मूळ रंग, मूळ सीट, हात न लावलेली गाडी मिळाली तर संग्राहक खरचटलेली असूनही जास्त देतात. 2020 मध्ये हॉलिवूड नट स्टीव्ह मॅक्वीनच्या 'बुलिट' सिनेमातल्या गाजलेल्या पाठलागातली 1968 ची मस्टँग 34 लाखांच्या बोलीला गेली, वर लिलावाचं शुल्क. गंज, पोचे, शूटिंगसाठी पाडलेली भोकं, सगळं तसंच. ती काही दुर्मीळ मॉडेलची नव्हती, पण पडद्यावरची तीच गाडी हे सिद्ध करणारे कागद होते. त्याचं मोल.

बाकी मॅन्युअल गिअरबॉक्स, जांभळ्या-हिरव्यासारखे भडक कंपनी रंग, उघडा टप यांनी भाव वाढतो, पण गाडी मुळात अस्सल असेल तरच.

तेव्हा आत्तेभावाला सांगा, विक्रेत्याकडून तीन फोटो मागवायचे: बिल्ड शीट किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट, इंजिनावरची ती पट्टी तिरप्या उजेडात, आणि गाडी लिफ्टवर घेऊन खालून. फोटो आले आणि जुळले, तर एखादा स्वतंत्र तपासनीस पैसे देऊन पाठवायचा. विक्रेत्याच्या ओळखीचा नको. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर मालिबू समजून भाव करायचा, आणि त्या भावात पटत असेल तर खुशाल घ्यायची.