मुलगा म्हणतो नवीन नाटकंच बसवणार, काय करू?

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा टीवायबीकॉमला, कॉलेजच्या एकांकिका बसवतो, आता म्हणतो पुढे दिग्दर्शनच करणार आणि तेही फक्त नव्या लेखकांच्या नाटकांचं. ताई विचारतात, निदान गाजलेली जुनी नाटकं कर असं सांगू का, प्रेक्षक तरी येतील.

ताई, असं नका सांगू. गाजलेल्या नाटकात कुठे हशा येतो, कुठे टाळी पडते हे आधीच माहीत असतं. नव्या नाटकात काहीच माहीत नसतं. लेखकाने तिसरा ड्राफ्ट दिलाय, दुसरा अंक रेंगाळतोय, नट म्हणतो हे वाक्य तोंडात बसत नाही, लेखक म्हणतो एक शब्द बदलणार नाही, आणि प्रयोग पंधरा दिवसांवर आलाय. हे सगळं न भांडता सोडवणारा माणूस कमी सापडतो हो, म्हणून अशा मुलांना मी आधी एकच विचारते, तुझा लेखक कोण?

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली कोरं नाटक होतं, ते अरविंद देशपांड्यांनी बसवलं. पुढे 1971 मध्ये त्यांनी, सुलभाताई देशपांड्यांनी आणि अरुण काकड्यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली आणि दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये कितीतरी नवे लेखक लोकांसमोर आले. दिग्दर्शक सत्यदेव दुबेंनी तर गिरीश कर्नाड, बादल सरकार, तेंडुलकर या सगळ्या नाटककारांना याच मुंबईत उभं केलं. तुमचा मुलगा म्हणतोय ते काही खूळ नाही, या शहरात हे काम होत आलंय.

आता पैशाचं. प्रायोगिक नाटकात दिग्दर्शकाच्या हातात फारसं काही पडत नाही, बरेचदा तालमीच्या जागेचं भाडंसुद्धा ग्रुपच भरतो. व्यावसायिकला मानधन असतं पण नव्या लेखकाच्या नाटकावर पैसे लावणारा निर्माता पटकन मिळत नाही. म्हणून जोडीला दुसरं काम लागणारच, सिरियलचं लेखन, डबिंग, शाळांमधली नाट्यशिबिरं, काहीही. फक्त सिरियलच्या सेटवरचं पूर्णवेळ काम जपून घ्यावं, बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये संध्याकाळची तालीम सगळ्यात आधी बुडते.

बीकॉम मात्र पूर्ण करू दे, यावर मी ठाम आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातल्या थिएटर आर्ट्सला आणि दिल्लीच्या एनएसडीला (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), दोन्हीकडे पदवी लागते. शिवाय हिशेब येणारा दिग्दर्शक ग्रुपला हवाच असतो. एखाद्या संस्थेत बॅकस्टेजही करू दे, म्हणजे लाइट कसे लावतात, नवीन संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवून सर्टिफिकेट कसं घेतात हे त्याला कळेल, त्याशिवाय तिकीट लावून प्रयोग होत नाही.

आणि एक करा. त्याला सांगा, ज्याचं नाटक आवडलंय त्या लेखकाला घरी बोलव, हॉलमध्ये चटई टाकून आख्खं वाचन ठेव. तुम्हीही बसा. कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, ते भीड न ठेवता सांगा. नंतर तो लेखकाला काय सुचवतो आणि आठ-दहा दिवसांनी तो सीन बदलून येतो का, एवढंच बघा. आला तर मला कळवा, मग अ‍ॅडमिशनचं बोलू.