पटेलांचं मोटेल आणि आपली नोकरी

प्रिय सई,

अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टला तू 'अमेरिकेतले मराठी आणि गुजराती' हा विषय घेतलास, ते मला आवडलं. पण खाली लिहिलेला प्रश्न झोंबला. "हेतलच्या घरची तीन मोटेलं आहेत. आपल्याकडे अप्पाआजोबांपासून नंदूकाकापर्यंत सगळे नोकरीवाले. आपण मराठी लोक घाबरट आहोत का गं आई?" फोनवर उरकण्यासारखं हे नाही, म्हणून लिहिते आहे. प्रोजेक्ट तुझं, मार्क तुझे. पटेल तेवढं घे.

आधी मोटेलचा हिशोब मांडू. टॅक्सच्या दिवसांत दोन्हीकडच्या फायली माझ्या टेबलावर असतात, त्यामुळे मला या भाषेत बोलणं सोपं जातं. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कुणा एकाचे नाहीत. ४० खोल्यांचं मोटेल, किंमत २० लाख डॉलर. बँक १६ लाख देते, ४ लाख आपले घालायचे. त्यातले निम्मे आठ नातेवाइकांकडून, प्रत्येकी २५ हजार, बिनव्याजी, परतीची तारीख न ठरवता. बँकेचं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांचं धरलं तर हप्ता महिन्याला सुमारे १३,४०० डॉलर. खोल्या वर्षात ५५ टक्के भरल्या आणि भाडं ६५ डॉलर असलं, तर गल्ला ५ लाख २२ हजार. वीज, पाणी, चादरी-टॉवेल, साफसफाई, विमा, मालमत्ता कर, ब्रँडची फी यांत ६० टक्के जातात. उरतात २ लाख ९ हजार. त्यातून वर्षाचे हप्ते १ लाख ६१ हजार. हातात ४८ हजार.

आता या हिशोबात नसलेली गोष्ट बघ. मोटेलचं काउंटर चोवीस तास उघडं लागतं. वर्षाचे ८,७६० तास. तासाला १५ डॉलर देऊन माणूस ठेवला तर १ लाख ३१ हजार जातात, म्हणजे धंदा वर्षाला ८३ हजारांच्या तोट्यात. तो फायद्यात दिसतो, कारण काउंटरवर काका, काकू आणि शाळेतून आलेली मुलं पगाराशिवाय बसतात आणि सगळं कुटुंब काउंटरमागच्या खोल्यांत राहतं, त्यामुळे घरभाडंही वाचतं. खोल्या ५५ऐवजी ४५ टक्केच भरल्या की गल्ला ९५ हजारांनी घसरतो आणि खर्च मात्र फारसा उतरत नाही. अशा वर्षी नातेवाइकांच्या त्या दोन लाखांना तारीख नसणं, हेच त्या घराला तारतं.

याच घराची मिळकत सरकारी पाहणीत कशी दिसेल? इमारत १४ लाखांची धरली तर ३९ वर्षांत विभागून दरवर्षी ३६ हजारांचा घसारा, म्हणजे इमारत जुनी होते म्हणून धरलेली घट, कागदावर वजा होतो. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे १ लाख २७ हजार. राहिली मिळकत ४६ हजार. शेजारचा मराठी इंजिनिअर एकटा १ लाख ३० हजार कमावतो, म्हणजे पाहणीत तोच पुढे. वीस वर्षांनी मात्र मोटेल कर्जमुक्त, किंमत वाढली नाही तरी २० लाखांचं. इंजिनिअरने निवृत्तीच्या खात्यात दरवर्षी १५ हजार टाकले आणि ६ टक्के वाढ मिळाली, तर साडेपाच लाख. म्हणून प्रोजेक्टमध्ये मिळकत आणि मत्ता यांचे दोन वेगळे रकाने कर. एकाच रकान्यात दोन्ही कोंबलंस तर तुला हवा तो समाज जिंकवता येईल.

आकडे कुठून घ्यायचे तेही सांगते. जनगणना खात्याची अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे ही दरवर्षीची पाहणी घरात कोणती भाषा बोलता ते विचारते. तिच्या छापील तक्त्यात गुजरातीला स्वतंत्र ओळ आहे. मराठी मात्र 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा' अशा एका गाठोड्यात आहे. ती ओळ मराठी म्हणून उचललीस तर त्यात नेपाळी बोलणारे निर्वासितही येतील आणि सरासरीचा बट्ट्याबोळ होईल. व्यक्तिवार नोंदींची फाइल उतरवून घे, तिच्यात मराठीला स्वतंत्र कोड आहे. आपली संख्या कमी, तेव्हा पाच वर्षांची एकत्र फाइल घे. भारतात जन्मलेले, ३५ ते ५४ वयाचे, एकाच दशकात अमेरिकेत आलेले, असेच दोन्हीकडून निवड. सरासरी नको, मध्यक घे, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा. दोन-चार बडे मालक सरासरी कुठल्या कुठे नेतात. घराची मिळकत माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भाग, कारण सहा जणांचं घर आणि तीन जणांचं घर एका मापाने मोजता येत नाही. न्यू जर्सीतला डॉलर आणि जॉर्जियातला डॉलर सारखा नाही, तेव्हा राज्यवार किमतींचा निर्देशांक लाव. एक पळवाट तरीही राहते. ज्या घरात मुलांशी इंग्रजीच बोलतात ते घर या मोजणीतून गळतं, आणि आपल्याकडे अशी घरं कमी नाहीत. (हा टोमणा नाही. बरं, थोडासा आहे.)

प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या हिशोबाने २०१९मध्ये भारतीय घरांची मध्यक मिळकत १ लाख १९ हजार डॉलर होती. हा आकडा कुणी 'आपल्या संस्कारांचा' म्हणून सांगितला तर आधी विचार, इथे आलं कोण? अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं, पण ते सगळ्यांना एकाच बाजूने उघडलं नाही. मराठी माणूस बहुतेक पदवीच्या दाराने आला. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, पवईचं आयआयटी, मग इथे मास्टर्स, आणि १९९०च्या कायद्यानंतर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा. गुजराती त्या दाराने आलेच, शिवाय भावंडांच्या व्हिसानेही आले. नागरिकाने भावासाठी अर्ज भरायचा, दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तच थांबायचं, आणि मग भाऊ, वहिनी, मुलं सगळी येतात. पदवी लागत नाही. म्हणून त्यांच्यात हृदयरोगतज्ज्ञही आहे आणि पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाराही आहे. आपला थर पातळ आणि वरचा. दोन्ही समाजांची मध्यकं शेजारी ठेवलीस की तू निम्मी तुलना व्हिसांची करत असतेस.

हे 'वरचा' जातीलाही लागू आहे. इथल्या मराठी मंडळांतली आडनावं वाच, महाराष्ट्राची खरी वस्ती त्यांत उतरलेली नाही. बाबासाहेब १९१३मध्ये कोलंबियाला आले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. दलित मुलाला त्या काळी असं दार क्वचितच मिळत होतं. 'अमेरिकेतला मराठी' या शब्दांआड हे सगळं झाकलं जातं, तेव्हा एक परिच्छेद त्यावर लिही.

आता घाबरटपणा. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्या पागडीच्या होत्या. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडं चणेफुटाण्याएवढं आणि कुणी बाहेर काढू शकत नव्हतं. पण खोली आपली नाही, म्हणून तिच्यावर बँक छदाम देत नसे. गहाण ठेवायला फक्त माईच्या पाटल्या. अप्पांची रेल्वेची नोकरी, प्रॉव्हिडंट फंड, एलआयसीचा हप्ता, रोज रात्री डायरीत लिहिलेला खर्च, आणि 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे वाक्य. मला ते तेव्हा कोतं वाटायचं. आज वाटतं, ज्या घराला पडल्यावर झेलायला कुणी नाही त्याने दुसरं काय करायचं होतं? कोकणातून आमच्यासारखे मुंबईला आले ते गिरणी, रेल्वे, गोदी आणि कारकुनीत, आणि मनीऑर्डरी गावाला गेल्या. भांडवल साठायला पैसा एका जागी थांबावा लागतो. आमचा थांबलाच नाही. शिवाय नोकरी तरी कुठे पक्की होती? जानेवारी १९८२च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही.

चाळीखालचा वाणी कच्छी. महिनाभराचा किराणा त्याच्या वहीत, पगार झाला की चुकता. व्याज वेगळं नाही, ते तांदळाच्या भावात. पगार कुणाचा कधी होतो, कुणाची बदली झाली, हे त्याला आमच्या नातेवाइकांआधी कळे. आमच्या नोकऱ्यांवर त्याचं दुकान चाललं आणि त्याच्या उधारीवर आमचा महिना. मराठी विरुद्ध गुजराती अशी शर्यत त्यात मला दिसत नव्हती.

नंदूकाकाने डोंबिवलीच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवलं होतं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. लेथ उत्तम, काम भरपूर. लोखंड रोखीने घ्यायचं आणि मोठ्या गिऱ्हाइकाकडून बिल नव्वद दिवसांनी यायचं. महिन्याला ४० हजारांचं काम केलं की कायम १ लाख २० हजार दुसऱ्याकडे अडकलेले. तेवढं खेळतं भांडवल उभं करायला तारण नव्हतं, आणि नात्यात कुणाकडे शिल्लकही नव्हती. धाडस होतं. तीन महिने तग धरायला पैसा नव्हता.

गुजरातेतल्या चरोतरच्या पाटीदारांकडे, म्हणजे पटेलांकडे, तो होता. स्वतःची शेतजमीन, तंबाखूचं नगदी पीक, पूर्व आफ्रिकेत गेलेले भाऊबंद. १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकललं, तेव्हा त्यांची रोकड तिकडेच राहिली. दुकान चालवायची रीत आणि नाती मात्र बरोबर आली. त्यात त्यांचे 'गोळ', म्हणजे ठरावीक गावांचं आपसातलं सोयरिकीचं वर्तुळ. करमसद, नडियाद, वसो, सोजित्रा, धर्मज, भादरण हा सहा गावांचा गोळ प्रसिद्ध आहे. कागदाशिवाय २५ हजार देता येतात, कारण बुडवणाऱ्याच्या भाचीचं लग्न अडतं. या विश्वासामागे असा धाकही असतो. तो धाक आपल्याला हवा होता का? मला नको वाटतो, आणि तरी त्या २५ हजारांचा हेवा वाटतो.

सामाजिक बाजू मोजताना पगाराविना राबणारी बाई विसरू नकोस. पाहणीत 'कौटुंबिक धंद्यात बिनपगारी काम' असा कप्पा आहे, पण आठवड्याला १५ तासांच्या आतलं काम त्यात येत नाही, आणि नवऱ्याच्या नावाचं काउंटर सांभाळणारी बाई स्वतःला गृहिणीच सांगते. आपल्याकडच्या बायकांना स्वतःचा पगार लवकर मिळाला, याचा मला अभिमान आहे. पण सुलूमावशी जिथे शिकली त्या एसएनडीटीचं पूर्ण नाव बघ. कर्व्यांनी १९१६मध्ये विद्यापीठ काढलं, आणि १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसी या गुजराती गिरणीमालकांनी १५ लाख रुपये दिले. त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला आहे.

'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे तर लिहूच नकोस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये माळावर कारखान्याचं गाव वसवलं. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून साखर कारखाना उभा केला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष. सारस्वत बँक १९१८ची. आपण भांडवल उभं केलं ते सोसायटी काढून, नोंदणी करून, सभासदांच्या जोरावर. ती रीत समुद्र ओलांडताना कुठे राहिली, हे मला खरंच कोडं आहे. विमा कंपन्या भारतीय मोटेलवाल्यांना नकार देऊ लागल्या तेव्हा ते संघटित झाले, आणि १९८९मध्ये अटलांटात त्यांची होटेलमालकांची संघटना उभी राहिली. इथल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं, त्यांच्याही आधीचं. आपण गणपती आणला, नाटकं आणली, ढोल-ताशा आणला. पतपेढी आणली नाही. पगारदारांना तिची गरज पडली नसेल, की कुणी कुणाला आपला पगार सांगायला तयार नव्हतं? माझा कौल दुसऱ्या कारणाकडे आहे. पण मी पुराव्याशिवाय बोलते आहे, तू तसं करू नकोस.

हेतलच्या घरी मुलाखतीला जाशील तेव्हा काकांबरोबर काकूंनाही वेगळं बसवून विचार: पहिलं मोटेल घेताना किती जणांनी पैसे दिले, ते कोणत्या क्रमाने फेडले, आणि रात्री बारा ते सहा काउंटरवर कोण होतं. तेच तीन प्रश्न थोडे बदलून नंदूकाकालाही विचार. तो आपल्या शनिवारी सकाळी मोकळा असतो, तेव्हा भारतात संध्याकाळ.

तुझी,
आई