माजी विद्यार्थ्याने प्लेसमेंट सेलमध्ये जावं का?

प्रश्न : पदवी घेऊन तीन वर्षं झाली. नोकरी बदलायची आहे. आता कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये गेलं तर मला कोण दारात उभं करेल?

उत्तर : जरूर जा! मी बरीच वर्षं अशाच कक्षात काम केलं आहे. जुना विद्यार्थी आला की आम्हाला मनापासून आनंद व्हायचा. कॅम्पस मुलाखती बहुधा शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठीच असतात, ती अपेक्षा ठेवू नका. पण बायोडेटा तपासणं, सराव मुलाखत, त्याच क्षेत्रातल्या माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देणं, ही मदत अनेक ठिकाणी मिळते. आधी ईमेल करून विचारा.

जाताना हव्या असलेल्या नोकरीची जाहिरात सोबत न्या. एका मुलीने बायोडेटात लिहिलं होतं, ‘हिशेबाचं काम पाहिलं.’ अर्धा तास खोदून विचारल्यावर कळलं, महिनाअखेरचा ताळमेळ ती एकटी लावायची. मग तेच वाक्य सगळ्यात वर घेतलं. स्वतःचं काम स्वतःला दिसत नाही, म्हणून समोर दुसरं माणूस लागतं.

आणि नोकरी लागली की कक्षाला कळवा. पुढच्या मुलांना तुमचाच नंबर द्यायचा असतो, अर्थात तुम्हाला विचारून.