नवे रिव्हॉल्व्हर: तपासणीआधी सही करू नये

आपल्या पत्रातील परिस्थिती थोडक्यात अशी आहे. शस्त्र परवाना मिळाल्यावर आपण २०२५ च्या उन्हाळ्यात एका परवानाधारक विक्रेत्याकडे नव्या रिव्हॉल्व्हरसाठी आगाऊ रक्कम भरली. आता विक्रेता ठरल्यापेक्षा अधिक किंमत मागत आहे, पेटी उघडून शस्त्र तपासू देण्यास नकार देत आहे आणि ‘माल तपासून घेतला, तक्रार नाही’ अशा छापील मजकुरावर सही मागत आहे. त्यातच परवान्यावर नोंदलेली खरेदीची मुदत संपत आली आहे.

किमतीबाबत विक्रेत्याचे म्हणणे काही अंशी योग्य असू शकते. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. आगाऊ रक्कम त्यापूर्वी दिलेली असली, तरी माल आणि बिल दोन्ही त्यानंतरचे असल्यास केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १४ नुसार नवा दर लागतो. करारात वेगळे ठरलेले नसेल, तर वाढलेला कर किमतीत मिळवण्याची मुभा विक्रेत्याला मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४अ ने दिलेली आहे. मात्र मूळ किंमत १०० धरली, तर पूर्वीचे बिल १२८ आणि आताचे १४० होते. म्हणजे करामुळे होणारी वाढ पूर्वीच्या एकूण रकमेच्या साडेनऊ टक्क्यांहूनही किंचित कमी आहे. त्याहून अधिक मागणी होत असेल, तर तो कर नसून विक्रेत्याने स्वतःहून वाढवलेला भाव आहे आणि किंमत आधीच ठरलेली असल्यास तो देण्यास आपण बांधील नाही. यासाठी मूळ किंमत आणि कर वेगवेगळे दाखवणारे कोटेशन लेखी मागावे. आगाऊ रकमेच्या पावतीवर नुसते ‘सर्व करांसह’ असे शब्द असले, तरी तेवढ्याने वाढीव कर टळतोच असे नाही, कारण कलम ६४अ करासह ठरलेल्या किमतीलाही लागू होते.

सहीचा प्रश्न मला किमतीपेक्षा कितीतरी गंभीर वाटतो. मालविक्री अधिनियमाच्या कलम ४१ नुसार, वेगळे ठरले नसेल तर, ग्राहकाने मागणी केल्यावर मालाची तपासणी करण्याची वाजवी संधी देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. कलम १६ मध्ये मात्र असे म्हटले आहे की ग्राहकाने माल तपासलेला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल गुणवत्तेची गर्भित अट (करारात लिहिलेली नसली तरी कायद्याने गृहीत धरलेली अट) त्याला पुढे करता येत नाही. म्हणजेच न तपासता सही केल्यास तपासणीचा लाभ मिळत नाहीच, उलट तपासणी केल्याचा तोटा तेवढा पदरी पडतो. शिवाय शस्त्र इतर वस्तूंप्रमाणे दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून परत नेता येत नाही. ते विक्रेत्याच्या नोंदवहीत आणि आपल्या परवान्यावर चढलेले असते, आणि परत करताना दोन्हीकडच्या नोंदी बदलाव्या लागतात.

तपासणी दुकानातच, शस्त्र रिकामे असल्याची प्रत्यक्ष खात्री करून आणि विक्रेत्याच्या संमतीने करावी. पहिल्याप्रथम उत्पादकाचे नाव आणि क्रमांक शस्त्रावर स्पष्ट कोरलेले आहेत का, आणि तोच क्रमांक बिलात आहे का, हे पाहावे. कारण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखखुणा नसलेले अग्निशस्त्र विकताच येत नाही. त्यानंतर हॅमर (गोळी उडवण्यासाठी आघात करणारा, हातोडीसारखा मागचा भाग) सावकाश मागे ओढून सिलिंडरमधील, म्हणजे गोळ्या ठेवण्याच्या फिरत्या नळकांड्यातील, प्रत्येक कप्पा आपल्या जागी पक्का अडकतो का, ते पाहावे. सिलिंडर कडेला किंवा पुढेमागे जाणवण्याइतका हलत असेल, सिलिंडर आणि बॅरल (नळी) यांमधील फट सगळीकडे सारखी नसेल, किंवा मागे ओढून धरलेला हॅमर अंगठ्याच्या दाबाने सुटत असेल, तर ते शस्त्र घेऊ नये. कप्पा आणि बॅरल एका रेषेत नसल्यास गोळीच्या धातूचे तुकडे फटीतून बाहेर उडतात, आणि इजा चालवणाऱ्याला किंवा शेजारी उभ्या असलेल्याला होते. जाणकार व्यक्तीला सोबत न्यावे, परंतु शस्त्र बाहेर दाखवायला नेऊ नये. दोष आढळला तरी ओळखीच्या कारागिराकडून तो दुरुस्त करून घेऊ नये. कलम ५ नुसार अग्निशस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो.

विक्रेत्याने नकार कायम ठेवल्यास तपासणीची मागणी पोच मिळेल अशा पद्धतीने लेखी पाठवावी आणि तपासणी अमान्य असल्यास आगाऊ रक्कम परत करावी, असे त्यात स्पष्ट लिहावे. शस्त्र घेतल्यावर दोष निघाला, तर बिलात ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि दोष डोळ्यांना दिसणारा नसेल तर आयोग प्रयोगशाळेतील चाचणीचा आदेश देऊ शकतो.

मुदतीच्या धास्तीने सही करण्याचे मात्र काहीच कारण नाही. खरेदीची मुदत संपण्यापूर्वीच परवाना प्राधिकाऱ्याकडे मुदतवाढीचा अर्ज द्यावा, आणि आगाऊ रकमेची पावती व विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार त्यासोबत जोडावा.