मीटर कमी, वय जास्त : जुन्या स्पोर्ट्स कारची निगा

प्रश्न : माझ्या मामांनी २००९ साली पुण्यात घेतलेली ऑडी टीटी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. दोन लिटरचे २०० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन, एस-ट्रॉनिक (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आणि मीटरवर जेमतेम १९,००० किलोमीटर. होटगी रस्त्यावरील घरी ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. दर रविवारी मी ती दहा मिनिटे चालू करून ठेवतो आणि महिन्यातून एखाद्या वेळी शहरातल्याच सात रस्ता चौकापर्यंत फिरवून आणतो. आमच्या मेकॅनिकच्या मते जी गाडी चाललीच नाही, तिच्यात बदलण्यासारखे काही नसते. हे खरे आहे का? काय बदलावे, काय राहू द्यावे आणि पंपावर आता मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या मेकॅनिकचे म्हणणे गाडीच्या निम्म्या भागांना लागू पडते. ब्रेक पॅड, चाकांची बेअरिंगे, गिअर अशा घासून झिजणाऱ्या वस्तूंना किलोमीटरचाच हिशेब लागतो आणि १९,००० किलोमीटरमध्ये त्यांतले फारसे काही झिजलेले नसणार. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, टायर आणि रबराचे सगळे भाग मात्र गाडी उभी असली तरी जुने होतच राहतात. सर्व्हिसच्या पुस्तिकेत किलोमीटरच्या आकड्याशेजारी महिन्यांचा किंवा वर्षांचा आकडा असतो आणि ‘जे आधी येईल ते’ अशी अट असते. बहुतेकांच्या गाड्या भरपूर पळत असल्यामुळे ती अट कुणी वाचत नाही. आपल्याला मात्र तेवढी एकच अट वाचायची आहे.

पहिली गोष्ट, रविवारचा परिपाठ बंद करावा. हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल, कारण उभी गाडी अधूनमधून चालू करावी हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. परंतु जागेवर दहा मिनिटे चालवलेले इंजिन मुळीच न चालवलेल्या इंजिनापेक्षा लवकर खराब होते. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल दिले जाते आणि त्यातले थोडे न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते, जी थंड इंजिनात आणि थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. ऑइल चांगले तापल्याशिवाय हे पेट्रोल आणि हे पाणी उडून जात नाही, आणि कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल त्याच्या बरेच मागे असते. शिवाय स्टार्टरने बॅटरीतून घेतलेली वीज तेवढ्या वेळात पुरती भरून येत नाही ती वेगळीच. सात रस्त्यापर्यंतची फेरीही याच कारणाने अपुरी आहे. त्याऐवजी दोन-तीन आठवड्यांतून एकदा तुळजापूरला जाऊन यावे. एका बाजूने सुमारे ४५ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर इंजिन पुरते तापते, घाटात ब्रेक आणि गिअरबॉक्स कामाला लागतात, आणि एसी चालू ठेवला तर कॉम्प्रेसरच्या सीलनाही तेल मिळते. ज्या महिन्यात हे जमणार नाही त्या महिन्यात गाडी चालूच करू नये.

इंजिन ऑइल फिल्टरसह दर वर्षी बदलावे, मग वर्षभरात हजार किलोमीटरही झाले नसतील तरी चालेल. डब्यावर फोक्सवॅगनचे व्हीडब्ल्यू ५०२ ०० हे मानक छापलेले आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

आता खर्चाचा खरा मुद्दा. आपल्या २०० अश्वशक्तीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा. त्यानंतर आलेल्या २११ अश्वशक्तीच्या इंजिनात त्याची जागा साखळीने घेतली. हा बेल्ट रबराचा असतो आणि तो चालताना तुटला किंवा त्याचे दाते सरकले, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात व इंजिन जवळजवळ पुन्हा उभे करावे लागते. बेल्ट आजवर बदलल्याची नोंद मामांच्या कागदपत्रांत नसेल, तर तो पंधरा वर्षांहून अधिक जुना आहे असेच समजावे आणि लांबच्या पहिल्या फेरीआधी तो, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलून घ्यावेत, कारण तिन्ही भागांपर्यंत पोहोचण्याची मजुरी बरीचशी एकच आहे. वरून पाहिल्यास बेल्ट ठीक दिसतो असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. रबराचे वय नुसते पाहून नेमके कळत नाही. त्याच कामात हाय-प्रेशर पेट्रोल पंपाखालचा कॅम फॉलोअर काढून पाहायला सांगावे. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि त्याची हालचाल या पंपापर्यंत पोहोचवणारा वाटीच्या आकाराचा हा छोटा पोलादी भाग या इंजिनात झिजतो; त्याला भोक पडले तर नुकसान थेट कॅमशाफ्टला होते. तो महाग नाही, बदलणेही अवघड नाही; फक्त पाहायचे लक्षात राहत नाही. गिअरबॉक्समधील ऑइल साधारणपणे ६०,००० किलोमीटरला बदलतात, पण आपल्या गाडीत ते पहिल्यापासूनचेच असेल तर वयाकडे पाहून एकदा बदलावे असे माझे मत आहे. यासाठी पुण्यालाच जायला हवे असेही नाही. जुन्या स्कोडा लॉराच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये याच कुळातला, डीएसजी नावाचा सहा गिअरचा गिअरबॉक्स होता, त्यामुळे लॉरावर हात बसलेला कारागीर हे काम करू शकतो. ऑइलची पातळी ठराविक तापमानाला संगणक जोडून मोजावी लागते, ती सोय त्याच्याकडे आहे का एवढे आधी विचारावे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. हा द्रव हवेतले बाष्प शोषून घेतो. ताज्या ‘डॉट ४’ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यानंतर मानकानुसार तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि बदल न करता दहा-पंधरा वर्षे गेली तर त्याहीपेक्षा खाली. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबले गेले आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये वाफ झाली, तर पेडल सरळ खाली जाते. शहरात हळू फिरवताना हा दोष कधी जाणवत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा.

टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१६ असे असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल असली तरी पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपुढे ते वापरू नयेत. आपल्या गाडीचे टायर मूळचेच असतील तर बेल्टबरोबर त्यांचाही खर्च धरावा, आणि दोन्ही एकदम झेपत नसतील तर ते होईपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नये.

कूलंटबद्दल सोलापुरात एक गैरसमज फार आहे, तो असा की आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग साधे पाणी घातले तरी चालते. कूलंटमधील द्रव्ये ॲल्युमिनियम आणि इतर धातू गंजू देत नाहीत आणि द्रवाचा उत्कलनबिंदूही वाढवतात, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना हे दोन्ही गुण आपल्याला हवेच असतात. बोअरचे जड पाणी तर मुळीच घालू नये, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून घालावे. यंत्रमागांच्या वस्तीतून गाडी जात असेल तर रेडिएटरच्या जाळीवर बसलेले सुताचे तूस मऊ ब्रशने काढावे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात.

शेडचा प्रश्न गंजाचा कमी आणि उष्णतेचा जास्त आहे. आपली हवा कोरडी, आणि या टीटीच्या सांगाड्याचा बराचसा पुढचा भाग ॲल्युमिनियमचा असल्यामुळे मुंबईच्या गाडीला जी भीती, ती आपल्याला नाही. पत्र्याखालची धग मात्र दारांची रबरे कडक करते आणि बॅटरीचे आयुष्य घटवते. पत्र्याखाली थर्मोकोलचे छत करून दोन बाजूंनी हवा खेळती ठेवावी. उभ्या गाडीची बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आपोआप थांबणारा छोटा चार्जर जोडून ठेवला की ही चिंता मिटते. हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाहीतर मागचे पॅड डिस्कला चिकटतात; गाडी ‘पी’मध्ये ठेवून चाकाखाली लाकडी गुटका लावावा. शेडमध्ये ज्वारीची पोती असतील तर ती आधी हलवावीत. उंदीर धान्यासाठी येतात आणि वायरी कुरतडून जातात, आणि या गाडीच्या वायरिंगचे काम टायमिंग बेल्टपेक्षा महाग पडू शकते.

राहिले पेट्रोल. आपल्या गाडीच्या काळातील इंजिने साधारण १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल गृहीत धरून बांधलेली आहेत. २० टक्क्यांसाठीचे भाग आपल्याकडील नव्या गाड्यांत २०२३ पासून आले. चालत्या गाडीत इंजिनाचा संगणक मिश्रण बऱ्याच अंशी सांभाळून घेतो, आणि इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे इंधनाची अवेळी न पेटण्याची क्षमता, वाढते, जे टर्बो इंजिनाला रुचतेच. अडचण उभ्या गाडीची आहे, कारण इथेनॉल पाणी ओढते आणि ते पुरेसे साठले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, आणि भरलेले पेट्रोल दोन-अडीच महिन्यांत संपेल एवढी गाडी चालवावी. तुळजापूरच्या फेऱ्यांनी ते बऱ्याच अंशी होते. पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा हाताने दाबून पाहावेत. ते चिकट लागले, कडक झाले किंवा पेट्रोलचा वास आला, तर लगेच बदलावेत.

मीटर कमी असताना काय करू नये, हेही सांगतो. इंजिन ‘फ्लश’ (रसायन घालून आतून धुणे) करून घेऊ नये, चांगले ब्रेक पॅड वयाच्या नावाखाली फेकू नयेत आणि इंजेक्टर साफ करण्याचे औषध दर सर्व्हिसिंगला घालू नये. तो पैसा टायरसाठी ठेवावा.

प्रश्न : मला ‘फक्त २२,००० चाललेली’ पंधरा वर्षांची दोन आसनी गाडी मिळत आहे. मीटर खरे कसे ओळखावे?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मीटरकडे पाहूच नये, कागद आणि झीज पाहावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस क्रमांकावरून जुन्या नोंदी मिळतात, आणि प्रत्येक नोंदीवर त्या दिवशीचे किलोमीटर असतात. चालकाच्या आसनाची बाहेरची कड, ब्रेक पेडलचे रबर आणि स्टिअरिंगचे चामडे झिजून गुळगुळीत झाले असेल तर २२,००० हा आकडा पटण्यासारखा नाही. टायर मात्र तारखेने जुने आणि नक्षीने नवे असतील तर ते मालकाच्या बाजूचा पुरावा ठरतात, जरी तेच आपल्याला लगेच बदलावे लागणार असले तरी.

आरसी पुस्तकावरील तारीख आधी पाहावी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, ज्याला आपण रीपासिंग म्हणतो, आणि सोबत पर्यावरण करही भरावा लागतो. ते काम झालेले नसेल तर तो खर्च आणि त्यासाठी लागणारा वेळ किमतीतून वजा करून मगच बोलणी करावीत.