विमानतळावर युनियन केली तर सरकार संप मोडू शकतं का?

तुमचा प्रश्न असा: 'कॅनडात सरकारने विमान कर्मचाऱ्यांचा संप लगेच बंद पाडला. मी गोव्यात मोपा विमानतळावर लोडर आहे, ठेकेदाराकडे. आम्ही युनियन केली तर इथेही तसंच होईल का?'

युनियन करण्यापासून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. राज्यघटनेच्या कलम 19(1)(ग) ने तो हक्क दिलाय. संप मात्र मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 सालीच सांगून ठेवलंय.

कॅनडातला प्रकार थोडक्यात. 16 ऑगस्ट 2025 ला एअर कॅनडाचे सुमारे 10,000 केबिन क्रू संपावर गेले. विमान जमिनीवर असताना केलेल्या कामाचे पैसे द्या, ही मुख्य मागणी. बारा तासांच्या आत मंत्र्यांनी तिथल्या कामगार कायद्याचं कलम 107 वापरून त्यांना कामावर परतण्याचा आदेश द्यायला लावला. लोक कामावर परतले नाहीत, आणि 19 तारखेला तडजोड झाली.

आपल्याकडे सगळे एस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवांत संपबंदी करणाऱ्या कायद्याची, भीती घालतात. खरी अडचण त्याच्या कितीतरी आधी येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, तिचे दिवस नीट मोजा. नोटीस दिल्यावर 14 दिवस संप नाही. नोटीस मिळाली की समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, बैठक बोलावतो. पहिली बैठक झाली की समेट संपेपर्यंत आणि पुढे 7 दिवस संप नाही. त्या सात दिवसांत मालकाने न्यायाधिकरणात अर्ज टाकला, की निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतर आणखी 60 दिवस संप नाही. हक्क कागदावर ठेवलाय आणि दार बाहेरून लावून घेतलंय. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची समितीसुद्धा हवाई वाहतूक नियंत्रण सोडलं तर एकूण वाहतुकीला संपबंदीइतकी अत्यावश्यक सेवा मानत नाही. भारताने मात्र संघटना स्वातंत्र्याचे 87 आणि 98 हे दोन्ही करार अजून मान्य केलेले नाहीत.

'सगळ्यांनी एकदम रजा टाकू' हा मार्गही आता बंद आहे. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर कायदा त्यालाच संप म्हणतो. बेकायदा संपाला 1,000 ते 10,000 रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणी दिली असं ठरलं तर दंड 10,000 ते 50,000. व्हॉट्सअॅप गटावर 'उद्या कोणी येऊ नका' असं लिहिणारा यात सगळ्यांत आधी सापडतो.

म्हणून जोर समेटाच्या काळावर ठेवा. जो काळ संप अडवतो, तोच तुमचं संरक्षणही करतो. वाद चालू असताना त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला परस्पर बदलता येत नाहीत, आणि त्या वादावरून कोणाला काढायचं तर आधी परवानगी लागते. पदाधिकाऱ्यांपैकी काहींना 'संरक्षित कामगार' करून घ्या, म्हणजे वाद चालू असताना त्यांना परवानगीशिवाय काढता येत नाही. ही संख्या एकूण कामगारांच्या 1 टक्का, पण किमान 5. जुन्या केंद्रीय नियमांत ही यादी दरवर्षी 30 एप्रिलपूर्वी मालकाला द्यावी लागे. ती सवय ठेवा, आणि प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आता सुरुवात कुठून? पगाराच्या स्लिपवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी बघा. एकाच पट्ट्यावर बॅगा उचलणारे तिघे तीन एजन्सींचे असू शकतात, आणि मोजणी प्रत्येक मालकाच्या मस्टरवर होते. समजा मस्टरवर 240 नावं आहेत. अर्ज सात जण करू शकतात, पण नोंदणीला 10 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा लागतो, म्हणजे 24 सभासद. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर एकट्याने वाटाघाटी करायला 51 टक्के, म्हणजे 123. तेवढे कोणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद बनते आणि दर 20 टक्क्यांमागे एक जागा मिळते. 10 टक्क्यांची अट कायम पाळावी लागते. गोव्यात ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामात जी भरती होते, तिच्या बळावर झालेली नोंदणी पावसाळ्यात लोक कमी झाले की डळमळते. सभासद जून-जुलैत मोजा, आणि वर्गणीची पावती प्रत्येकाच्या नावाने फाडा.

कार्यालयाची गफलत फार होते. नोंदणी राज्याकडे: पाटो, पणजी, श्रमशक्ती भवन. पण हवाई वाहतुकीत, ठेकेदारांच्या कामगारांसह, संपाची नोटीस आणि वाद केंद्राकडे, म्हणजे वास्कोतल्या सहायक कामगार आयुक्तांकडे (केंद्रीय). चुकीच्या टेबलावर दिलेल्या नोटिसीचे दिवस धरले जात नाहीत. नोटिसीवर सचिवाच्या आणि निवडून दिलेल्या पाच प्रतिनिधींच्या सह्या असू द्या.

सभा टर्मिनलच्या आवारात घेऊ नका. गळ्यातला प्रवेश पास मालकामार्फत मिळतो, आणि तो काढून घेतला की गेटवरच नोकरी अडते. पास परत मागितला तर कारण लेखी मागा, तारीख-वेळ टिपा आणि त्याच दिवशी वास्कोला तक्रार द्या. वाद आधीच नोंदलेला असेल तर ती तक्रार परवानगीशिवाय काढल्याची ठरू शकते.