मोरचुदाने निळे झालेले कायटोसान उष्णता अधिक सोसते का?

प्रश्न : माझ्या मुलीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींपासून कायटोसान तयार केले आणि त्यातील काही भाग मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात ठेवला. पांढुरकी पूड निळी झाली. उष्णताभारमापनात (नमुना तापवत नेऊन त्याच्या वजनातील घट मोजण्याच्या चाचणीत) मात्र ही निळी पूड साध्या पुडीच्या आधीच विघटित होऊ लागली आणि शेवटी अवशेष तिचाच अधिक उरला. मग धातूमुळे स्थैर्य वाढले म्हणावे की घटले?
— एक वाचक, डिचोली (गोवा)

उत्तर : विघटन आधी सुरू झाले असेल, तर स्थैर्य घटले असेच लिहावे. अवशेष अधिक उरला हे स्थैर्याचे लक्षण नव्हे. सेंद्रिय भाग जळून गेला तरी तांबे उडून जात नाही, ते ऑक्साइडच्या रूपाने मागे राहते, आणि अनेक प्रकल्पांत नेमकी हीच गफलत होते.

सुंगटांच्या सालींतील कायटिन या कठीण सेंद्रिय पदार्थाला तीव्र, गरम कॉस्टिक सोड्यात ठेवले की त्यावरील ॲसिटिल गट निघतात आणि ॲमिनो गट मोकळे होतात. असे मोकळे झालेले कायटिन म्हणजेच कायटोसान. या गटांतील नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक एकाकी जोडी असते, ती तो तांब्याच्या आयनाला देऊ करतो, आणि शेजारचे हायड्रॉक्सिल गटही त्या बंधनात सहभागी होऊ शकतात. निळा रंग या बंधनाची खूण आहे. द्रावण फार आम्लधर्मी असेल, तर मात्र नायट्रोजन आधीच प्रोटॉन घेऊन धनभारित होतो आणि तांबे फारसे धरत नाही. सोडियम किंवा कॅल्शियमपेक्षा तांब्याशी कायटोसानचे नाते किती तरी घट्ट असते, म्हणून पाण्यातील तांबे काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

साधे कायटोसान नायट्रोजन वायूत साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक वेगाने विघटित होते. त्याच्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. धातूचा आयन मध्ये शिरला की ती रचना विस्कटते, शिवाय तांब्यासारखा धातू साखळी तुटण्याच्या क्रियेला उत्प्रेरक ठरू शकतो. ग्लुटारआल्डिहाइड या रसायनाने साखळ्या एकमेकींना जोडल्यास पूड आम्लात विरघळत नाही, पण त्यासाठी ॲमिनो गट खर्ची पडतात आणि धातूला जागा कमी उरते. म्हणजे सुधारित कायटोसान प्रत्येक बाबतीत अधिक टिकाऊ असते, असे मानण्याचे कारण नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात एक काळजी अवश्य घ्यावी. कायटोसान हवेतील दमटपणा झपाट्याने शोषते, त्यामुळे आलेखात सुमारे १५० अंशांपूर्वी दिसणारी वजनातील घट मुख्यतः पाण्याची असते. दोन्ही नमुन्यांची तुलना ते पाणी वजा करून, कोरड्या वजनावरच करावी. तापमानवाढीचा वेग आणि वायू दोन्हींना एकच ठेवावा. तांब्याचे प्रमाण मोजायचे असेल, तर हवेत ८०० अंशांच्या आसपास तापवावे, कारण त्याहून बऱ्याच खाली थांबल्यास मोरचुदातील सल्फेट अवशेषात राहून हिशेब चुकवू शकते. उरलेले काळे कॉपर ऑक्साइड शुद्ध असल्यास त्याच्या वजनातील सुमारे ८० टक्के भाग तांब्याचा असतो, आणि प्रबंधात तो आकडा विघटनाच्या तापमानाशी न मिसळता वेगळाच द्यावा.